ओल्या नळीचं गोडं पाणी

समुद्राकाठच्या शहरात बसून वऱ्हाडातल्या वादळांचं भाकीत करणाऱ्या लोकांवर माझा राग आहे. तो जुना आहे आणि या वयात तो सोडून द्यायची माझी काही इच्छा नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, हे मी म्हणींच्या पुस्तकातून शिकले नाही. आमच्या घरी येणाऱ्या कागदांवरून शिकले.

त्या काळी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. सरकार नागपूरला, हवामानाचं वरचं ऑफिस लांब समुद्राकडं, आणि आम्ही मधे कुठंतरी, पूर्णेच्या काठी. वर्तमानपत्र अकोल्याहून यायचं, ते शिळं होऊनच. त्यात उन्हाळ्यातल्या वादळांचा अंदाज चार ओळींचा असे. साडेतीन ओळी किनारपट्टीच्या. कुठल्या बंदराकडं गडगडाट होईल, कोळ्यांनी होड्या केव्हा वर ओढून घ्याव्यात, सगळं तपशीलवार. उरलेल्या अर्ध्या ओळीत 'अंतर्भागात हवा कोरडी राहील.' तो अंतर्भाग म्हणजे आम्ही. चैत्र-वैशाखात आमच्याकडं दुपारी जे वारं-वावधन उठतं, टिनाची छपरं उडवतं, गारा फेकतं, जुने कडुलिंब मुळासकट आडवे करतं, ते त्या अर्ध्या ओळीत बसून कोरडं होऊन जायचं.

खरं तर आम्हीही किनाऱ्याचेच लोक. पूर्णेच्या दोन्ही अंगांना जो पट्टा आहे त्याला खारपाण म्हणतात. विहीर कितीही खोल खणा, पाणी खारंच लागतं. इथं एके काळी समुद्र होता, असं म्हातारी माणसं सांगायची. समुद्र निघून गेला आणि जाताना मीठ आमच्या विहिरींत विसरला. तेव्हा आम्हाला त्या साडेतीन ओळींत जागा द्यायला काही हरकत नव्हती, असं माझं लहानपणापासूनचं मत आहे.

माझे बाबा गावच्या मराठी शाळेचे हेडमास्तर होते आणि जोडीला सरकारचे हवामान-निरीक्षक. शाळेमागं आमच्या अंगणात कुंपण घालून चार पायांची एक पांढरी पेटी उभी केलेली होती. तिच्या भिंती झडपांच्या, वारा आत यावा पण ऊन येऊ नये अशा. शेजारी पाऊस मोजायचं नळकांडं आणि उंच खांबावर वाऱ्याचा बाण. या सगळ्याला गाव 'ठाणं' म्हणायचं. रोज सकाळी आठला बाबा पेटी उघडायचे, आकडे वाचून वहीत लिहायचे, खाली सही करायचे, आणि ते आकडे तारेनं वरच्या ऑफिसला जायचे. वीस वर्षांत त्यांनी एक सकाळ चुकवली नव्हती. आजोबा गेले त्या दिवशीही त्यांनी आधी पेटी उघडली आणि मग खांदा दिला. त्यावरून आत्या त्यांच्याशी वर्षभर बोलली नाही.

पुढं बाबांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू झाला. अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासून हात टेकले. शाळेची नोकरी सुटली. उरलं ते ठाणं. तेही गेलं असतं तर बाबा ओसरीवर बसून नुसत्या माशा हाकलत राहिले असते, हे आईला, मला आणि बाबांना तिघांनाही कळत होतं, म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. मी सतरा वर्षांची होते. पेटी मी उघडू लागले, आकडे मी वाचू लागले, वही मी लिहू लागले आणि खाली बाबांची सही मीच ठोकू लागले. त्यांच्या सहीतली शेवटची वळणदार रेघ मला त्यांच्यापेक्षा चांगली जमायची. सरकारी भाषेत याला काय म्हणतात ते मला तेव्हाही ठाऊक होतं. दोन वर्षं हे चाललं आणि मला एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही.

आता त्या पेटीत काय असायचं ते सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं. पेटीत पाऱ्याच्या दोन नळ्या शेजारी शेजारी. एक कोरडी नळी. दुसरी ओली नळी, म्हणजे तिच्या खालच्या गोळ्याला मलमलीची चिंधी गुंडाळलेली आणि चिंधीची वात पाण्याच्या वाटीत सोडलेली. हवा कोरडी असली की चिंधीतलं पाणी भराभर उडतं, नळी गार पडते आणि दोन पाऱ्यांमधे मोठं अंतर पडतं. हवेत ओल आली की पाणी उडत नाही आणि दोन्ही पारे जवळ येतात. वैशाखात आमच्याकडचे पारे भांडलेल्या जावांसारखे एकमेकांपासून लांब असायचे. पण एखाद्या सकाळी ते अचानक जवळ सरकायचे. त्याच वेळी खांबावरचा बाण आग्नेयेकडं वळलेला असला की त्या दुपारी, नाहीतर दुसऱ्या दुपारी, आसपास कुठंतरी वावधन फुटायचंच. हे मला कुणी शिकवलं नाही. मी बाबांच्या वीस वर्षांच्या वह्या काढून, पान-पान पाहून ताडलं.

मोठ्या ऐटीत मी ते बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपलं काम मोजाचं. सांगाचं काम वरच्यायचं."

"वरचे चुकून राहिले तरी?"

"तरी."

"मंग डांगरं वाहून गेल्यावर रडाचं काम कोनाचं?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी, मी पेटी बंद करताच, बाबांनी ओसरीवरून विचारलं, "बाण कुठं हाये?"

डांगरं म्हणजे खरबुजं. उन्हाळ्यात पूर्णेचं पात्र वाळूचं होऊन पडतं. त्या वाळूत खड्डे करून, शेणखत घालून गावातली काही घरं टरबुजं, डांगरं, काकड्या लावायची. त्याला डांगरवाडी म्हणतात. नदी कोरडी आहे तोवरच ते पीक. इकडं आकाश स्वच्छ असतं आणि तिकडं वीस-पंचवीस कोसांवर, चिखलदऱ्याच्या डोंगरात, मोठं वावधन फुटतं. मग ओढ्यानाल्यांतून लोंढा निघतो आणि दुसऱ्या दिवशी वाळूतलं सगळं घेऊन जातो. म्हणजे ज्याच्या डोक्यावर ढग असतो त्याचं काही जात नाही, आणि ज्याचं जातं त्याला ढग दिसत नाही. अशा माणसानं अंदाज कुणाला विचारावा? वर्तमानपत्राला?

आमच्या घरावरून नदीकडं जाणारी एक डांगरवाडीवाली मावशी होती. नवरा बैलगाडीत माल घालून बाजारोबाजार हिंडायचा. वाडी मात्र तिची, आणि हुकूमही तिचाच. तिनं मला विचारायला सुरुवात केली. कुंपणाशी थांबून ती ओरडायची, "काय म्हणते वो आज तुही नळी?" मी सांगायचे. दोनदा माझं सांगणं खरं ठरलं. मावशीनं पिकलेला माल वेळेवर वर काढला आणि गावात मला मान मिळाला. सतराव्या वर्षी मान मिळाला की माणूस काय करतं? बाणाकडं बघायचं सोडून देतं.

ओल्या नळीच्या वाटीत गोडंच पाणी लागतं. वरच्या ऑफिसातून त्यासाठी वाफ थंड करून केलेल्या पाण्याची बाटली यायची, ती फाल्गुनातच संपायची. मग मागच्या पावसाळ्याचं बरणीत साठवलेलं पाणी. पेटी माझ्या हाती आल्याच्या दुसऱ्या वर्षी, वैशाखात बरणीही संपली. मी काय केलं, तर पिण्याच्या माठातलं पाणी वाटीत ओतलं. ते झिऱ्याचं पाणी, म्हणजे नदीच्या वाळूत खड्डा केला की त्यात पाझरतं ते. अख्खं गाव तेच प्यायचं आणि त्याला गोडं म्हणायचं. मी निष्काळजी नव्हते. वाटीत ओतण्याआधी मी ते चाखून पाहिलं. गोडं होतं.

गोडं नव्हतं. उन्हाळा चढत जातो तसा झिरा रोज थोडा थोडा खारा होत जातो, आणि आमची जीभ त्याच्या पावलावर पाऊल टाकून मागं जाते. वैशाख संपेपर्यंत आम्ही तो निघून गेलेला समुद्र खुशाल पीत असतो आणि पाहुण्याला सांगतो, घ्या, गोडं पाणी आहे. तिकडच्या संत्र्याच्या, गोड्या विहिरींच्या मुलखातल्या पोरीनं ही चूक केली नसती. ती करायला खारपाणातच जन्म घ्यावा लागतो.

खारं पाणी चटकन उडत नाही. चिंधीवर मिठाचा थर धरतो आणि नळी गार पडत नाही. पाच सकाळी माझे दोन्ही पारे जवळ जवळ दिसले. बाण वायव्येला होता, ऊन कडक होतं, माझ्या ओठांना चिरा पडल्या होत्या. तरी मी मावशीला छातीठोकपणे सांगितलं, "मोठं वावधन येऊन राहिलं. सारं तोडून घे."

तिनं सारं तोडलं. अर्धीकच्ची टरबुजं बाजारात गेली आणि लोकांनी कापून पाहिली तर आत पांढरी. त्यानंतर आठवडाभर आकाशात चिंधीएवढा ढग आला नाही. मावशी आमच्या अंगणात आली आणि एक टरबूज तिनं पेटीच्या पायाशी आपटलं.

"घे," ती म्हणाली. "तुह्या नळीले खाऊ घाल."

त्याच आठवड्यात संत्र्याच्या मुलखातून, मोर्शीहून, आत्या आली. आईनं तिला तांब्या दिला. आत्यानं एक घोट घेतला आणि अंगणात थुंकला. "काय वो वहिनी, दाळीतलं मीठ पान्यात टाकून राहिली काय?"

मी आत गेले, तापलेल्या तव्यावर माठातल्या पाण्याचा थेंब टाकला. थेंब उडाला आणि तव्यावर पांढरं कडं उरलं. मी चुलीसमोर बसून रडले. मावशीसाठी थोडं आणि माझी ऐट उतरली म्हणून जास्त, उगाच खोटं कशाला सांगू. संध्याकाळी बाबांनी इलाज सांगितला. पातेल्यात विहिरीचं पाणी उकळायला ठेवायचं, वर थंड पाण्यानं भरलेली परात झाकायची, आणि परातीच्या बुडाला जमलेले थेंब वाटीत उतरवायचे. आई रोज तेवढं पाणी करून देऊ लागली. चिंधी बदलली, वात बदलली. पारे पुन्हा लांब झाले.

"त्या पाच दिवसाचं वहीत लिहून टाक," बाबा म्हणाले.

मी हो म्हटलं आणि लिहिलं नाही. लिहिलं असतं तर पाणी कुणी भरलं हा प्रश्न आला असता, आणि त्या पाच दिवसांखाली सही बाबांची होती.

दहा-बारा दिवसांनी कागद न पाठवताच वरच्या ऑफिसचे साहेब येऊन धडकले. उंच, किडकिडीत, घाम पुसून पुसून रुमाल ओला केलेले. बोलणं पुस्तकातलं. तहसीलदारांकडं उतरले आणि सकाळी आठच्या आत आमच्या अंगणात हजर. तारेतले ते पाच दिवस त्यांना खटकले होते. आसपासच्या कुठल्याच ठाण्याशी ते जुळत नव्हते.

आईनं पाणी दिलं. त्यांनी घोट घेतला, चेहरा वाकडा केला आणि एकदम हसले. "अच्छा. म्हणजे हे पाणी नळीला घालता होय तुम्ही."

"पाच दिवस घातलं होतं," मी म्हणाले. "आता नाई घालत."

त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. बाबांकडं पाहिलं. बाबांचे डोळे भलतीकडं लागले होते. साहेबांना सगळं समजायला तेवढं पुरलं. त्यांनी वही मागवली, तांबड्या शाईची दौत उघडली आणि अख्ख्या महिन्यावर, पान उलटून उलटून, आडवी रेघ मारली. पाच दिवसांवर नाही, महिन्यावर. मग बाबांना म्हणाले, "मास्तर, तुमची सेवा मोठी आहे. पण ठाणं आता दुसरीकडं हलवावं लागेल."

बाबा "बरं" म्हणाले. त्यांचं ते 'बरं' मला अजून ऐकू येतं. मी पेटी उघडली. आठ वाजलेच होते. आणि त्या सकाळी, कुणी मुद्दाम ठरवल्यासारखे, दोन्ही पारे जवळ आलेले होते. बाण आग्नेयेला.

"साहेब," मी म्हटलं, "आज डोंगरात वावधन फुटनार."

त्यांनी आत डोकावून पाहिलं. "हे मिठामुळं."

"हे मिठामुळं नाई."

"मुली, मी या खात्यात तुझ्या वयाइतकी वर्षं काढली आहेत."

मी वाटी काढली आणि त्यांच्यासमोर धरली. "मंग चाखून पाहा. आमची जीभ मेली हाये, आमचा भरवसा नाई. तुमची जिती हाये. हातच्या काकनाले आरसा कशाले?"

आई आतून "वो पोरी!" म्हणून दबक्या आवाजात ओरडली. साहेब लाल झाले. पण माणूस आतून सरळ असावा. त्यांनी करंगळी बुडवली, जिभेला लावली आणि बराच वेळ तोंड हलवत राहिले.

"गोडं आहे," ते शेवटी म्हणाले.

"मंग?"

"एका वाटीवरून काही सिद्ध होत नाही. माझी मोटर उद्या दुपारची आहे. तोवर पाहू."

त्यांना 'पाहू' म्हणायला काय जात होतं? ज्याचं जळतं त्याला कळतं. मी तशीच नदीवर गेले. तोडणीच्या वेळी मुठीएवढी म्हणून मावशीच्या वेलांवर राहिलेली टरबुजं आता पिकायच्या बेतात होती. मी सांगितलं, सारं वर काढ, उद्या लोंढा येईल. ती काकडीच्या आळ्यातलं गवत उपटत होती, ते तिनं थांबवलं नाही.

"दुधानं तोंड पोळलं माहं," ती म्हणाली. "आता ताकही फुकून पिऊन राहिली मी. मागच्या खेपेले तू असंच सांगतलं होतं."

"मागच्या खेपेले पानी खारं होतं. नळीत म्या झिऱ्याचं टाकलं होतं. चूक माही होती, नळीची नाई."

आता ती थांबली. "मंग आदी काहून नाई सांगतलं?"

"लाज वाटली."

"आता नाई वाटत?"

"वाटते. पन डांगरं वाहून जातीन."

मावशीनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू टरबूज पिकलं आहे की नाही हे ती टिचकी मारून पाहत असावी. मग हातातलं गवत टाकलं आणि नवऱ्याला हाक मारली. दिवसभर आम्ही तिघांनी माल काठावर वाहिला. शेजारच्या वाड्यांतले लोक वाळूत बसून हसत होते. एकानं विचारलं, "काय मावशी, या खेपेले बी पांढरे टरबूज इकाचे हाये काय?" मावशीनं त्याला जे उत्तर दिलं ते मी इथं लिहिणार नाही.

दुपारचे चार वाजले, पाच वाजले. गावावर पानही हललं नाही. उत्तरेला, अगदी क्षितिजाशी, कापसाचा ढीग घालावा तसा पांढरा ढग तेवढा वर आला आणि अंधारात दिसेनासा झाला. साहेब छत्री घेऊन फिरायला आले होते. आमच्या अंगणात डोकावले, पावसाच्या नळकांड्यात पाहिलं आणि म्हणाले, "शून्य." त्यांना आनंद झाला नव्हता, एवढं खरं. मला मात्र त्यांची छत्री हिसकावून मोडावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला साहेब पुन्हा हजर. मी पेटी उघडली, आकडे घेतले. नळकांडं कोरडं. मी वहीत पावसाच्या रकान्यात शून्य लिहिलं, कारण पाऊस पडला नव्हता आणि जे पडलं नाही ते मी लिहीत नाही. तेवढ्यात नदीकडून आरडाओरडा ऐकू आला. आम्ही सगळे धावलो, बाबासुद्धा माझ्या खांद्याला धरून.

वर आकाश घासलेल्या पातेल्यासारखं लख्ख होतं आणि खाली पूर्णा आली होती. गढूळ, फेसाळ, डोंगरातली झुडपं घेऊन. काल हसणाऱ्यांच्या वाड्यांवरून पाणी जात होतं. टरबुजं तरंगत तरंगत निघाली होती आणि त्यांचे मालक काठानं पळत होते. मला त्यांचं वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. मावशी आपल्या ढिगाजवळ कमरेवर हात ठेवून उभी होती.  तिनं साहेबांना नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, "हे कोन? वरचे का?"

आम्ही परत आलो. साहेबांनी वही उघडून तांबड्या रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तांबडी शाई पुसता येत नाही. पण मी बाजूला लिहितो की वाचनं ग्राह्य आहेत." त्यांनी तसं लिहिलं. "ठाणंही इथंच राहू दे. मास्तरांच्या नावावर. घरातलं कुणी मदत करत असेल तर तो घरातला प्रश्न आहे. फक्त त्या पाच दिवसांना काहीतरी कारण द्यावं लागेल. निरीक्षकाची दृष्टी अधू झाल्यामुळं पाणी बदलताना चूक झाली, असं लिहितो. त्यात कुणाचं काही बिघडत नाही."

"लिहा साहेब," बाबा म्हणाले.

माझा संताप झाला. साहेबांवर नाही, ते भलं करत होते. बाबांवरही नाही. वीस वर्षांत ज्यानं एक आकडा वाकडा लिहिला नाही, त्याच्या माथी माझी चूक चिकटणार आणि वर ठाणं वाचलं म्हणून आम्ही पेढे वाटणार, या सौद्याचा संताप झाला.

"नाई," मी म्हटलं. "पानी म्या भरलं होतं. दोन वर्सं आकडे मीच घेऊन राहिली. सह्या बी माह्याच हायेत."

साहेबांनी दौतीचं झाकण लावलं. "हे मला ऐकू आलेलं नाही. ठाणं टिकवायचं असेल तर मला हे ऐकू आलेलं नाही."

मी वही ओढून घेतली. त्या पाच दिवसांच्या शेजारी, मोकळ्या जागेत, स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'या पाच दिवशी ओल्या नळीत खारे पाणी होते. चूक माझी.' आणि खाली माझं नाव. सरकारी कागदावर माझं नाव पहिल्यांदा उमटलं ते असं. साहेबांनी ते वाचलं आणि चष्मा काढून पुसला. "आता मला ऐकू येणं भाग आहे," ते म्हणाले.

बाबांनी मान वर केली. "काय केलं तिनं?"

"त्या पाच चुकीच्या दिवसांखाली स्वतःची सही केली."

 मला वाटलं, बाबा आता रागावतील. ठाणं गेलं होतं, आणि ते माझ्या हातानं गेलं होतं. आई दारात पदर तोंडाशी धरून उभी होती.

"पाचच काहून?" बाबा म्हणाले.

मला काही कळलं नाही.

"चुकीखाली तुही सही अन् बरोबर होतं त्याखाली माही, हा कुठचा न्याय झाला?" त्यांचा आवाज वर्गात फळ्यापाशी उभे असतानाचा होता. "काढ दोन वर्साच्या वह्या. कर सगळ्याखाली."

मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. माझ्या हातची बाबांची सही कापायची, शेजारी माझी करायची, पान उलटायचं. अकोल्याची मोटर वेशीपाशी भोंगा वाजवत थांबली आणि शेवटी निघून गेली. साहेब उठले नाहीत. माझी शाई संपली तेव्हा त्यांनी आपल्या पिशवीतून काळ्या शाईची दौत काढून माझ्यापुढं सरकवली. दिवाळीच्या सुमारास सरकारी गाडी आली आणि पेटी, नळकांडं, बाण, सगळं घेऊन गेली. वह्याही गेल्या. त्या माझ्या नावानं गेल्या.